खंडेनवमीचं तबक

भागीबाई खैरनारने पहिल्यांदा कंप्युटर हातात घेतला तेव्हा तो बंद होता. तिने तो सरळ पालथा घातला आणि त्याचे पाच स्क्रू काढले. चालू कसा करतात हे तिला ठाऊकही नव्हतं. वस्तू कळायची तर पोटातून, वरून बघून काय कळतंय, असा तिचा खाक्या.

नोकरीने ती शिपाई. पंचवटीतल्या मुलींच्या शाळेत घंटा द्यायची, पाणी भरायचं, सह्यांचं बुक फिरवायचं. पण त्याआधी अकरा वर्षं ती सातपूरच्या टीव्ही कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर बसली होती. कथील वितळवणारी गन टेकवायची, मनात एक-दोन म्हणायचं, उचलायची. तीन म्हटलं की पार्ट जळाला. चौऱ्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं, लाइनवरच्या बायका द्राक्षबागांत कामाला पांगल्या, आणि भागीबाईला शुभांगी गायधनींनी, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाईंनी, शिपायाच्या जागेवर घेतलं. तिच्या हातात काय आहे हे त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

शाळेत एक कंप्युटरची खोली होती. सत्त्याऐंशी साली कुणा दात्याने आठ कंप्युटर दिले होते. आजच्यासारखे नव्हेत. वहीएवढी काळी पेटी, तिच्यातच बटणं आणि तिच्यातच मेंदू. ती टीव्हीला जोडायची आणि प्रोग्रॅम भरायचा टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून. शहाण्णवपर्यंत आठांतले सहा बंद पडले होते. गणिताचे रिझवान सर फळ्यावर खडूने बटणं काढून शिकवत आणि चाळीस मुली बाकावर बोटं आपटत. याला कंप्युटरचा तास म्हणत.

जूनमध्ये संस्थेचे अध्यक्ष रावजीशेठ येऊन सांगून गेले. मुलांच्या शाळेला नवे कोरे कंप्युटर येणार होते. मुलींच्या या भंगाराचं काय करायचं ते दसऱ्यानंतर बघू. दसऱ्यापर्यंत निम्म्याच्या वर चालू झाले तर ठेवा, नाहीतर खोली शिवणवर्गाला.

"मुलींना शिवण बरं," जाता जाता म्हणाले.

दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या भागीबाईने ते ऐकलं आणि तिचं टाळकं फिरलं. त्याच दुपारी ती रिझवान सरांपुढे उभी राहिली.

"सर, एक उघडू का?"

"मावशी, शॉक बसेल."

"अकरा वर्सं बसलाय. आता त्यालाच माझा बसंल."

सर हसले आणि त्यांनी तिच्या हाती पेचकस दिला. झाकण निघालं, तर आत सगळं लालभडक.

"गंज," सर म्हणाले.

भागीबाईने बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. "गंज नाय. कुंकू हाय. ही हळद. आन् हे काय, सर? तांदूळ!"

दर खंडेनवमीला रावजीशेठ तबक घेऊन येत आणि शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा करत. घंटेची, शिलाई मशीनची, प्रयोगशाळेतल्या तराजूची. घंटेला काय होतंय? पण शेठांचा हात सढळ. कंप्युटरवर फुलाने पाणी शिंपडायचे, मग चिमूटचिमूट हळदकुंकू, मग अक्षता. बटणांच्या फटींतून ते सगळं खाली उतरायचं. तिथे एक पातळ प्लास्टिकचा पडदा होता, त्यावर बटणांचा इशारा आत नेणाऱ्या चांदीच्या रेघा. ओलं कुंकू त्या रेघा पंधरवड्यात खाऊन टाकायचं. सरांनी कपाटातून दुरुस्तीची वही काढली. 'बंद पडला' असे सहा शेरे होते, सहाच्या सहा दसरा ते दिवाळीच्या दरम्यानचे.

"नऊ वर्सात कुणी वही वाचली न्हाई?" भागीबाईने विचारलं.

मग चार महिने शाळा सुटल्यावर ती रोज तासभर त्या खोलीत बसली. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटने आतल्या सर्किटच्या प्लेटा पुसल्या, जोडाच्या सोनेरी कडा मुलींच्या खोडरबराने घासून चकचकीत केल्या. पडद्यातून निघून प्लेटला जोडणाऱ्या पट्टीचं कुजलेलं टोक जवभर कापलं, की उरलेलं पुन्हा खोबणीत धरायचं. दोन यंत्रं अगदीच गेली होती, ती सुट्या भागांसाठी मोडली. आणि प्लेटवर तिला एक गंमत दिसली. बनवणाऱ्यांनी चिपांसाठी आठ जागा रिकाम्या ठेवल्या होत्या.

"ह्या कशाच्या?"

"आठवण वाढवायच्या," सर म्हणाले. "त्या भरल्या तर तिप्पट मोठा प्रोग्रॅम मावेल. पण चिपा जुन्या, आता मिळत नाहीत."

"शोधलं का?"

सर गणपतीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन जुन्या बाजारातून डबाभर चिपा घेऊन आले. भागीबाईने घरून आपली जुनी गन आणून एकेक बसवली. एक-दोन, उचल. एक-दोन, उचल. उरलेले सहाच्या सहा चालू! नववीच्या मुलींचा रेल्वेच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम निम्म्यातच अडायचा, तो पहिल्यांदा शेवटापर्यंत गेला. एवढा आरडाओरडा झाला की मोठ्या बाई धावत आल्या.

खंडेनवमीला रावजीशेठ तबक घेऊन आले. घंटा झाली, शिलाई मशीन झालं. कंप्युटरच्या खोलीच्या दारात भागीबाई उभी.

"बाजूला हो."

"शेठ, पूजा हितं उंबऱ्यावर करा. आत पाणी-कुंकू नको. त्यानंच मेलेत ते."

मागे नववी-दहावीच्या मुली रांगेत उभ्या.

"मी पूजा करतो म्हणून यंत्रं मरतात? देवाचा अपमान करतेस?"

"देवाचं नाव कशाला? हे बघा." तिने पदराखालून मोडलेल्या यंत्राचं झाकण काढलं आणि तबकाशेजारी उलटं केलं. लाल ढेकळं आणि काळे पडलेले तांदूळ फरशीवर पडले. "ह्या तुमच्याच अक्षता. वळखा."

मागून कुणी तरी फिसकन हसलं. शेठ लालबुंद झाले.

"शिपाई आहेस तू!"

"हाय की. दार उघडणं माझंच काम हाय. आज उघडणार न्हाई."

शेठांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. शुभांगीबाई आयुष्यात कुणाला उलट बोललेल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "साहेब, निम्म्याच्या वर चालू झाले तर ठेवायचे, असं आपणच म्हणाला होतात. सहा चालू आहेत."

शेठ तबक तिथेच बाकावर ठेवून निघून गेले.

खोली राहिली, कंप्युटर राहिले. पण चौथ्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. भागीबाईने लेखी माफी मागावी, नाहीतर तिची बदली घोटीच्या शाखेत.

"दोन ओळी खरड आणि मोकळी हो," मोठ्या बाई काकुळतीने म्हणाल्या. "रोज घोटीला जाऊन येशील? गुडघे बघ तुझे."

"बाई, मी चुकले आसं लिवलं, तर पुढल्या साली तबक आत जाणार. मग ह्या पोरींनी पुन्ना बाकावर बोटं आपटायची का?"

शुभांगीबाईंनी कागद पुढे सरकवला. भागीबाईने सातवीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात लिहिलं: 'मी दार अडवले. चूक केली नाही. आत कुंकू टाकू नये ही विनंती. कळावे.' खाली पूर्ण नाव, सही आणि तारीख.

सोमवारी सकाळी ती घोटीच्या एसटीत बसली. सोल्डरिंगची गन तिने शाळेतच ठेवली होती. नववीच्या मुलींनी मागितली होती, आणि पाच स्क्रू कसे काढायचे ते त्यांना आता येत होतं.