जिता गंज

आबांनी वाकवलेल्या बोटाने मोटारीच्या पत्र्यावर टकटक करायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "पेंटर, थांब. अजून जिता हाय." जिता, म्हणजे जिवंत, तो गंज. मला तिथं नुसता गुळगुळीत पत्रा दिसायचा.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्यापुढे आपली कोरी करकरीत विद्या ओशाळते. मी मुंबईहून स्प्रे गन चालवायला शिकून पोलादपूरला आलो होतो. महाबळेश्वरचा फाटा फुटतो तिथल्या गॅरेजात रंग माझ्याकडे, गंज आबांकडे. आबा पूर्वी गावोगाव भांड्यांना कल्हई करत. "तांबं काय नि लोखंड काय," ते म्हणत, "आधी आंग साफ, मग दागिना."

महाडच्या एका डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची मोठी विलायती मोटार घेतली. कित्येक वर्षं ती नदीकाठच्या गोठ्यात पडून होती. लग्न लागलं की लेक याच गाडीतून आंबेनळी घाट चढून सासरी जाणार, असा डॉक्टरांचा हट्ट.

आबांनी जुना रंग उतरवला, तारेच्या ब्रशाने घासलं, पातळ तेजाब फिरवलं, सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि लगेच फडक्याने कोरडं केलं. "ओल राह्यली तर जेवून येईस्तवर परत लाली चढंल." खालून पत्रा असा लख्ख निघाला की मी शीळच घातली! मग त्यावर मी रंगाआधीचं तांबडं अस्तर मारलं.

लग्नाला चार दिवस उरले. सकाळी येऊन बघतो तर आबा मागच्या दाराखालचं माझं अस्तर खरवडतायत.

"आबा! काय करताय हे?"

"ऐक." टकटक. "आवाज बसका हाय."

"मला नाही कळत. लग्न चार दिवसांवर आलंय!"

"म्हणून तर."

मी रागाने ब्रश आपटला. तेवढ्यात खरवडणी आरपार गेली. बोटाएवढं भोक पाहता पाहता मुठीएवढं झालं. आत हात घातला, तर मागच्या सीटखालची पट्टी बिस्किटासारखी चुरली. नवरी नेमकी तिथंच बसणार होती. माझी मान खाली गेली.

डॉक्टर आले, भोक पाहून म्हणाले, "दुसरी गाडी बघू का?"

"नाय," आबा म्हणाले. "पोरगी ह्यातनंच जाईल."

मग काय सांगू! गॅरेजचा मिस्त्री कुजका भाग कापतोय, नवी पट्टी जोडतोय, आबा धुतायत, पुसतायत, मागोमाग मी अस्तर मारतोय. तीन दिवस आम्ही उभ्याउभ्याच जेवलो. शेवटी आबांनी सगळी गाडी ठोकून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मार रंग!" मी स्प्रे गन उचलली. गडद लाल रंग सुकून घोटल्यावर दारात आरसा झाला. आबा त्यात वाकून म्हणाले, "आरं, ह्यो कोण म्हातारा?"

लग्नाच्या सकाळी डॉक्टर गाडी न्यायला आले. "आबा, आधी तुम्ही बसा. कशेडीच्या रस्त्याने एक चक्कर मारू."

आबांनी इतक्या मोटारी घासल्या, पण एकीतही ते कधी बसले नव्हते. पाय धुऊन ते पुढे बसले, मी मागे, त्या नव्या पट्टीवर. चढावर गाडीने वेग घेतला. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वाऱ्याने त्यांची टोपी उडवली. डॉक्टरांनी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबवू नगा!" आबा ओरडले. "टोपी मिळंल दुसरी. चालवा!"

दुपारी नवरी आंबेनळी चढून सुखरूप गेली.

दोन वर्षांनी आबा गेले. त्यांचा मुलगा फोटोसाठी माझ्याकडे आला, म्हणाला, "घरात बाबांचा एकबी फोटो नाय. तुमच्याकडं हाय काय?" माझ्याकडे कुठला असणार? मी त्याला बसवलं आणि त्या सकाळचं सगळं सांगितलं: ते बोडकं डोकं, वाऱ्यात उभे राहिलेले पांढरे केस, आणि दोन्ही हातांनी दार घट्ट धरून मोठमोठ्याने हसणारे आबा.