टेलिफोनमावशींचा हात

डोक्यावरून हेलिकॉप्टर जायला लागलं की आमच्या फणसवाडीत सगळे आवाज चढवायचे. टेलिफोनमावशी मात्र गप्प व्हायच्या. बोलता बोलता उजवा हात खांद्याएवढा वर करायच्या, समोरच्यालाही थांबवायच्या. घरघर समुद्राकडे विरली की वाक्य जिथं सोडलं तिथूनच उचलायच्या. ‘आमसुलं घाल, पण’ इथं हेलिकॉप्टर आलं, तर ते गेल्यावर फक्त ‘उकळी आल्यावर’. मागचा शब्द पुन्हा नाही. त्यांच्याशी बोलून बोलून ही सवय चाळीतल्या सगळ्यांना लागली. जिन्यात भांडणाऱ्या बायकासुद्धा हात वर करून थांबायच्या आणि मग राहिलेलं भांडण पुढे चालू करायच्या.

मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून परगावचे कॉल जोडायच्या. लग्न केलं नाही. “आयुष्यभर दुसऱ्यांचे संसार ऐकले, तेवढे पुरे,” म्हणायच्या. आवाज कधी चढला नाही. मी लहानपणी गॅलरीतून आईला हाका मारायचो तेव्हा म्हणायच्या, “ओरडणाऱ्याचं पलीकडे काही कळत नाही रे. हा ओरडतोय, एवढंच कळतं.” आमची खोली त्यांच्या खोलीला लागून. संध्याकाळी त्या आपल्या दारातून साध्या आवाजात म्हणायच्या, “अजित, चहा टाकलाय,” आणि ते माझ्या खिडकीतून आत यायचं. आई गेल्यावरही ती हाक चुकली नाही.

मग चौपाटीपलीकडचं हेलिपॅड मोठं होणार अशी बातमी आली. हेलिकॉप्टरं वाढणार आणि त्यांचा रस्ता आमच्या कौलांवरूनच जाणार. तळमजल्यावरचे नार्वेकर पेटले. “मावशी, ढोल-ताशे घेऊन जाऊ. कानठळ्या बसवू साल्यांच्या!”

“म्हणजे तेही आवाज करणार, आपणही आवाज करणार,” मावशी म्हणाल्या. “त्यात तुमचा ढोल बारका, नार्वेकर.”

नार्वेकर हसले आणि ढोल घरीच राहिला. मावशी घरोघरी गेल्या. तान्ही बाळं कुठल्या घरात दचकून उठतात, कोणाच्या म्हाताऱ्याला दुपारची झोप उरलेली नाही, हे विचारत आणि ऐकत बसल्या. ऐकणं हेच त्यांचं काम होतं. पन्नास वर्षांत एकमेकांकडे पाणी न मागितलेली घरं त्यांच्या गॅलरीत एका चटईवर बसायला लागली.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं टाळलं.

मी तेव्हा चाळ कमिटीचा सेक्रेटरी होतो. हेलिपॅडवाल्यांचा माणूस माझ्याकडे आला. फार गोड बोलायचा. जो विरोधातून नाव मागे घेईल त्याच्या घराला जाड काचेची खिडकी, फुकट. मी थकलो होतो, ऑफिसात कटकटी होत्या, मला फक्त शांत झोप हवी होती. चाळीतली पहिली काच माझ्या खोलीला बसली. सेक्रेटरीनंच घेतली म्हटल्यावर पाठोपाठ आणखी घरं घसरली. गॅलरीतली चटई रिकामी होत गेली.

मावशी काच बघायला आल्या. तिच्यावरून बोट फिरवलं. “छान बसवलीय,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “आता तुला चहाला हाक कशी मारू?”

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्या दाराशी यायच्या, बेल वाजवायच्या आणि त्याच साध्या आवाजात सांगायच्या, “चहा टाकलाय.” त्यांचे गुडघे दुखायचे. एवढं होऊनही खिडकी उघडायची हिंमत मला झाली नाही.

जनसुनावणी शाळेच्या मैदानात, मांडवाखाली होती. मी मागच्या रांगेत बसलो. तोच गोड माणूस माईकवरून समजावत होता की आवाज मर्यादेतच राहणार आहे. तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं. त्यानं आवाज चढवला. पहिल्या रांगेत मावशींचा हात वर गेला. मग नार्वेकरांचा. मग सगळ्या मांडवाचा. काच घेतलेल्या घरांचेसुद्धा हात वर होते. सवयच ती! माझाही हात वर आहे हे मला जरा वेळानं कळलं.

एवढ्या गप्प माणसांसमोर तो एकटा माईकमध्ये ओरडत होता आणि एक शब्द कळत नव्हता. शेवटी सुनावणीच्या साहेबांनीच त्याला हातानं थांबवलं.

घरघर विरल्यावर मावशी उठल्या. “साहेब, आम्हाला एवढंच सांगायचं होतं.” आणि खाली बसल्या.

“असं रोज होतं?” साहेबांनी विचारलं.

“दिवसभर. आमच्याकडे भांडणंसुद्धा हप्त्यानं होतात.”

साहेब हसले, पण त्यांनी लिहून घेतलं. विस्तार अडकला तो अडकलाच. आहेत त्या हेलिकॉप्टरांना समुद्रावरून जायला सांगितलं. अजून एखादं चुकून येतं. निकाल कळला त्या दिवशी नार्वेकर वाडीच्या तोंडाशी बोंबलत आले, “मावशी, जिंकलो!” मावशी म्हणाल्या, “हळू बोला, बाळं झोपलीत.” आजही कुणी विचारलं, कुठल्या फणसवाडीचे, तर मी सांगतो, टेलिफोनमावशींच्या. माझी छाती तेव्हा फुगते. फुगवायचा हक्क मला नाही, हेही मला माहीत आहे.

परळच्या हॉस्पिटलात त्या शेवटच्या आजारात होत्या तेव्हा मी ठरवून गेलो. सुरुवातही केली, “मावशी, ती काच मी...” आणि वरून हेलिकॉप्टर आलं. सलाईन लावलेला हात त्यांनी वर केला. मी थांबलो. आवाज गेला. त्यांनी हात खाली घेतला, माझ्याकडे बघत राहिल्या.

“बोल. कुठं होतास?”

“काही नाही मावशी,” मी म्हणालो. “झोपा तुम्ही.”

चार दिवसांनी त्या गेल्या. काच मी त्यानंतर काढली. आता खिडकीतून वाडी सगळी आत येते, भांड्यांचे आवाज, जिन्यातली भांडणं, कुणाचा तरी चहा उकळतोय तेही. एक वाक्य तेवढं हॉस्पिटलातच थांबलेलं आहे. मावशी उचलायच्या तसंच उचलतो, मागचा शब्द पुन्हा न म्हणता.

घ्यायला नको होती.