वऱ्हाडच्या बाईंचं समुद्राकाठचं घर

मोरेश्वर नावाचा तो माणूस आमच्या शाळेत आला तेव्हा मधली सुट्टी चालू होती. चिखलीच्या या शाळेत जयमाला आणि मी शिक्षिका म्हणून बरोबरच लागलो, घरंही शेजारी शेजारी बांधली. तो शिपायाला विचारत विचारत शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोचला आणि दारातच चपला काढून उभा राहिला. कोकणातला होता, श्रीवर्धनच्या बाजूचा.

"अमडापूरच्या पंजाबरावांची मुलगी त्या जयमालाबाई, तुम्हीच काय?"

"हो. काय काम होतं?"

"तुमची आई गेल्या मार्गशीर्षात वारली. आमच्या शेजारी राहायची. समुद्रावरचं घर तुम्हाला द्यायचं म्हणून सांगून गेली."

जयमाला चक्क हसली. "भाऊ, तुमची काहीतरी गफलत होतेय. माझी माय काल संध्याकाळीच फोनवर बोलली माझ्याशी. आणि जन्म देणारी म्हणाल, तर ती मी चार वर्षांची असतानाच गेली."

"सोजराबाई ना?" त्यानं विचारलं. "डाव्या हाताची दोन बोटं वाकडी?"

वाकड्या बोटांचं तिला काही माहीत नव्हतं. नाव मात्र बरोबर होतं. तिचं हसू थांबलं.

जयमालाला लहानपणापासून सांगितलं होतं ते असं : सोजराबाईला ताप भरला, पंजाबरावांनी तिला नागपूरकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथंच ती गेली. गाव लांब, म्हणून तिकडंच उरकून आले. गावात तेरावं घातलं. वर्षभरात गीताबाई घरात आली. पुढं तिला गोपाल आणि गोविंदा अशी दोन मुलं झाली, पण जयमालाला तिनं सावत्रपणा कधी दाखवला नाही. दुधावरची साय आधी हिच्या वाटीत पडायची. बारावीनंतर पंजाबराव लग्नाचं काढून बसले, तेव्हा गीताबाईनं दोन दिवस चूल पेटवली नाही आणि पोरीला डी.एड.ला पाठवायला लावलं. जयमालाच्या तोंडी 'माय' हा शब्द होता तो तिच्यासाठीच. सहा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर तर ही दर रविवारी अमडापूरला जायची, मायचं डोकं धुऊन द्यायला.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी नांदुऱ्याहून रेल्वेनं कल्याणला गेलो आणि पुढं एसटीनं. गाडीत जयमाला एवढंच म्हणाली, "चूक निघाली, तं समुद्र पाहून वापस येऊ."

चूक नव्हती. घर वाळूला लागूनच होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं काळी पडलेली, पुढं सुरूची झाडं. समुद्राकडचं दार बंद आणि त्याला आतून एक जड पेटी टेकवून ठेवलेली. मोरेश्वरच्या बायकोनं मागच्या दारानं आत नेलं. परसात नारळाच्या बुंध्याशी आमच्याकडची अंबाडीची भाजी लावलेली होती. कोकणातल्या वाळूत अंबाडी पाहून जयमाला तिथंच थबकली.

"बाईंनीच लावलेली," मोरेश्वरची बायको म्हणाली. "आम्ही त्यांना वऱ्हाडच्या बाई म्हणायचो. मासळी कधी खाल्ली नाही. समुद्राकडंही फारशा जात नसत. बसायच्या त्या इथं, रस्त्याच्या बाजूला."

घराची हकीकत तिनं आम्हाला तिथल्या ओट्यावर बसून सांगितली. घर मूळचं यमुना सिस्टरांचं, त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. सिस्टरांनी लग्न केलं नाही, सगळा जन्म नागपूरकडच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात नोकरी केली. तिथं एक तरुण बाई आली, अंगावर दोन चट्टे आणि हाताची बोटं आखडलेली. नवरा सोडून गेला, "न्यायला येतो" म्हणून. तीच सोजराबाई. औषधं लांबली, पण ती पूर्ण बरी झाली. नवऱ्याला निरोप गेला. तो आला आणि सांगून गेला की घरात दुसरी बायको आहे, तिला दिवस गेलेत; तू आलीस तर महारोग्याची पोर म्हणून मुलीला कोणी करणार नाही. सोजराबाई तिथंच दवाखान्यात कामाला राहिली. पुढं सिस्टर निवृत्त झाल्या आणि तिला सोबत घेऊन आल्या. शेवटी सिस्टर अंथरुणाला खिळल्या तेव्हा सगळं हिनंच केलं. घर त्यांनी हिच्या नावावर केलं.

"तिला मला भेटावंसं वाटलं नाही?" जयमालानं विचारलं.

मोरेश्वरची बायको म्हणाली, "सिस्टर गेल्या होत्या ना तुमच्या गावी. तुमचं लग्न ठरलं तेव्हा. बाईंचं एकच मागणं होतं, लांबून का होईना, पोर बघू द्या. सिस्टरांनी तुम्हाला विचारलं, आईची आठवण येते का? तर तुम्ही म्हणालात, मला दुसरी आई नाही."

जयमालाला ती बाई आठवत होती. पांढऱ्या साडीतली, चष्मेवाली, शेगावला निघालेली ओळखीची बाई म्हणून वडिलांनी सांगितलेली. त्या बाईनं तसं विचारलंही होतं. आणि चहाचे कप घेऊन गीताबाई समोर उभी होती म्हणून, तिला बरं वाटावं म्हणून, जयमाला म्हणाली होती, "माझी माय हे काय इथं उभी आहे. दुसरी मले कोणी नाही."

"तुमचे वडील सिस्टरांना फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ऐकलंत ना? पोरीला सगळं माहीत आहे, तिचंच हे म्हणणं. त्यानंतर बाईंनी कधी नाव काढलं नाही. फक्त मागं एकदा चिखलीचं एक कुटुंब समुद्र बघायला म्हणून उतरलं होतं आमच्याकडं. त्यांचा मुलगा सारखा बोलायचा, आमच्या जयमाला मॅडम अमडापूरच्या, असं शिकवतात, तसं रागावतात. बाईंनी त्या पोराला चार दिवस स्वतःच्या हातानं जेवू घातलं."

रात्री आम्ही त्याच घरात झोपलो. जयमाला रडली नाही. सकाळी उठून तिनं परसातल्या अंबाडीला पाणी घातलं आणि म्हणाली, "चाल, अमडापूरले जाऊ."

गीताबाई ओसरीत तूर निवडत बसली होती. आम्हाला पाहून उठायला लागली, तर जयमालानं हातानंच बस म्हणून खुणावलं आणि समोर खाली बसली.

"माय, सोजराबाई जित्ती होती, हे तुले माहीत होतं?"

गीताबाईचा हात सुपातच राहिला. म्हणाली, "हाव."

"कधीपासून?"

"गोपाल पोटात होता तवापासून. तुह्या बापानंच सांगतलं. म्हणे बरी झाली, येतो म्हणते."

"मंग काऊन नाही येऊ देलं?"

"ते आली असती तं मी कोन झाली असती वं? लग्नाची ते होती. मी पोट घेऊन कुठं जाऊ? माहेरी भावजया दारात उभं करत नव्हत्या."

"ते मले समजते," जयमाला म्हणाली. "तवाचं समजते. पण ते सिस्टर आली त्या दिवशी? बाबा बाहेर अंगणात बैलांपाशी होते. तू, मी अन् ते, तिघीच होतो. तू एक शब्द बोलली असती!"

गीताबाईनं पदर तोंडाला लावला. "तू म्हनलं ना, माझी माय हे उभी आहे. सगळ्या गावात मले सावत्रच म्हनत होते. तू तसं म्हनलं अन् मले लय बरं वाटलं. मंग माह्या तोंडून निघालंच नाही."

"अन् बाबा गेल्यावर? सहा वर्षं झाली. ते पाच वर्षं जित्ती होती तिकडं. मी दर रविवारी येत होती तुह्यापाशी. दर अक्षय्य तृतीयेले तू माह्या हातानं तिच्या नावाची घागर भरून घेतली. जित्या बाईची घागर, माय!"

गीताबाईनं सूप बाजूला सारलं आणि जयमालाचा हात धरायला गेली. जयमाला उठून उभी राहिली. गोपालची बायको पाणी घेऊन आली होती. ते न पिताच आम्ही निघालो. एसटीत मी तिला म्हटलं, "म्हातारी आहे, घाबरली असेल." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बापाचं मले नवल नाही वाटत. त्यानं कुणालेच कधी माणूस समजलं नाही. पण हिच्याजवळ मी निजत होती."

त्यानंतर तिनं अमडापूरला जाणं सोडलं. गोपालचे फोन यायचे, ती उचलायची नाही. गोविंदा एकदा भांडायला आला, "आईनं तुझ्यासाठी काय कमी केलं?" ती म्हणाली, "काहीच नाही. म्हणूनच." तो कळल्या न कळल्यासारखा निघून गेला. समुद्रावरचं घर तिनं विकलं नाही. मोरेश्वरच्या बायकोला वापरायला दिलं, आणि उन्हाळ्यात जाऊन समुद्राकडच्या दाराला टेकवलेली पेटी हलवून ते दार उघडून आली.

पावसाळा लागला तेव्हा एक दिवस गीताबाई एकटीच चिखलीला आली. अंगणात भिजलेली उभी होती. मी माझ्या ओट्यावरून पाहत होते. जयमालानं दार उघडलं, तिला टॉवेल दिला, कोरडं लुगडं दिलं, चहा केला. आवाज काही चढला नाही, दारही आपटलं नाही. अर्ध्या तासात गीताबाई बाहेर आली. पाऊस थांबला नव्हता, म्हणून मी छत्री घेऊन तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले.

"बोलली का ती?" मी विचारलं.

"बोलली ना. बसा म्हने. चहा घ्या म्हने." गीताबाई रस्त्यात थांबली. "एवढी मोठी केली तिले, तिनं मले कधी अहो-जाहो केलं नव्हतं."

अमडापूरची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं म्हातारीला हात देऊन वर घेतलं. मी घरी आले तेव्हा जयमाला स्वयंपाकघरात उभी होती, पाठमोरी. तिनं विचारलं, "जागा भेटली का तिले गाडीत?"

"भेटली," मी म्हटलं.

अजूनही ती अमडापूरला गेलेली नाही.