हात खिशात!

मी मारलेली गाठ उभ्या अमरावती जिल्ह्यात कोणाला सुटत नाही. हे मी कित्येक वर्षं छाती पुढे काढून सांगत आलो. एकदा तशी गाठ घरच्या गाईलाच मारली आणि दोर विळ्यानं कापावा लागला. बायको म्हणाली, "स्काउटात हेच शिकवलं काय तुमाले?" तेव्हापासून छाती जरा आत असते.

कॅम्प संपला, बॅगा भरल्या, की मैदानात एक मोजा उरतोच. उचलून विचारा, "कोणाचा रे?" एक पोट्टा हात वर करत नाही! आमच्या पथकातले किस्से हे असेच उरलेले मोजे. कोणी आपला म्हणत नाही, मग मी उचलून ठेवतो. वास येतो, पण फेकवत नाहीत.

चांदूर बाजारकडे आमचा फुलांचा आणि वांग्यांचा मळा. शाळेनं आठवीतच मला हात जोडले. स्काउटचं मैदान मात्र सुटलं नाही, ते वसंता सरांमुळे. लहानपणी तो माझा टोळीनायक होता, म्हणजे आमच्या सात-आठ पोट्ट्यांच्या टोळीचा पुढारी. पुढे तो मास्तर झाला, अमरावतीत स्काउटचं पथक चालवू लागला, आणि कॅम्पचं सामान सांभाळायला त्यानं मला बोलावून घेतलं. एवढे शिकलेले लोक सोडून मला! चारचौघांत मी त्याला सर म्हणतो. दोघंच असलो की वश्या!

*

यंदा वश्याच्या गुडघ्यांनी जवाब दिला. एका रविवारी त्यानं सगळ्यांना खाली बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसला. तेव्हाच मला शंका आली.

"आता मोठ्यांनी लहान टोळीनायक तयार करायचे," तो म्हणाला. "मोझरीच्या कॅम्पात मी फक्त पाहीन. जमलं तर पथक चालेल. नाई जमलं, तर ही शिट्टी कपाटात."

शिट्टी त्याच्या गळ्यातच होती. पण पोट्टे तिच्याकडे असे पाहू लागले, जसं तिला सलाइन लावलंय!

मोठे म्हणजे मुख्यतः दोघं. गोलू कॉलेजात जातो, बोलायला लागला की थांबत नाही. प्रणाली अकोल्याला शेतकीचं शिकते, रविवारी गाडीनं येते, आणि कामाला लागली की थांबत नाही.

*

गोलूचा पहिला वर्ग. "लीडर म्हणजे कोण? जो सगळ्यांच्या पुढे चालतो!" असं म्हणून तो पोट्ट्यांची रांग घेऊन रस्त्यानं निघाला. तोंड चालू. शिस्त, जबाबदारी, आत्मविश्वास!

मी शेवटून हळूच पोट्ट्यांना खूण केली. सगळे लिंबाखाली बसले. मी सोबत आणलेली संत्री सोलली.

गोलू बोलत बोलत थेट बस स्टॉपवर पोचला. तिथे एसटी उभी होती. कंडक्टरनं विचारलं, "किती जण?"

"बारा!" गोलू ऐटीत म्हणाला आणि मागे वळला.

पुढच्या रविवारी त्यानं वर्ग सुरू केला, "लीडर म्हणजे कोण? जो मागे वळून पाहतो!" आणि पहिले मला पाहिलं.

*

गोलूच्या हाताखाली सोहम नावाचा सहावीतला टोळीनायक तयार होत होता. कमी बोलणारा, जास्त पाहणारा. पण घरी गेल्यावर त्यानं आजी-आजोबांना रांगेत उभं केलं म्हणे!

आईचा गोलूला फोन. "याले नायक कोणी केलं?"

"मी केलं, काकू."

"मग भांडे घासायलेबी शिकव!"

गोलूनं शिकवलं. टोळीनायक भांडी सगळ्यांत आधी घासतो, असंच सांगितलं. आठवड्यानं पुन्हा फोन. "भांडे घासून राह्यला हो बापा! पण दर ताटामागं आजोबाले 'तपासा' म्हणते. ते बिचारे ओट्यापासून हलले नाई!"

*

प्रणालीची तऱ्हा वेगळी. तंबू शिकवायचा म्हणून तिनं खुंट्या घेतल्या, दोर ताणले, आणि बघता बघता तंबू उभा! टोळीनं टाळ्या वाजवल्या.

सरांनी विचारलं, "कोणी उभा केला?"

"ताईनं!"

"मग तुमी कोण?"

"आमी पाहुणे!"

वश्या कपाळ धरून बसला. आमच्या लहानपणी खिशात हात घालणं म्हणजे गुन्हा. गुरुजींनी माझ्या हाफपँटचे खिसे माझ्याच हातानं शिवून घेतले होते! त्याच गुरुजींच्या हाताखालच्या वश्यानं त्या दिवशी हुकूम काढला, "लहान काम करत असले की मोठ्यांनी हात खिशात घालायचे. तोंडानं सांगा, हातानं नाई. आणि तोंडानंबी कमीच सांगा, गोलू!"

प्रणाली उभीच. "सर, पण आमच्या पँटीले खिसेच देत नाईत!"

सरांच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात हा मुद्दा आलाच नव्हता. शेवटी फुलं तोडायची माझी झोळी मी तिच्या कमरेला बांधली. पोट्टी पुढे सगळा कॅम्प त्या झोळीत हात घालून फिरली, कांगारूसारखी!

*

मोझरीजवळच्या शेतात कॅम्प लागला. पहिल्या दिवशी रोडगे भाजायचं काम सोहमच्या टोळीकडे. गोवऱ्या पेटल्या, आणि पोट्ट्यांनी कणकेचे गोळे थेट भडकत्या जाळात टाकले!

गोलूचा जीव वरखाली. तोंडावर सरांची बंदी, हात खिशात. धूर वाढत गेला तसे त्याचे हात खिशात खोल खोल जात राहिले. शेवटी फर्रकन आवाज आला. खिसा फाटला, पण हात बाहेर नाही आला! मी तर टोपी काढून सलामच ठोकला त्याला.

रोडगे वरून कोळसा, आतून कच्चे. सरांनी एक घास घेतला. मी म्हटलं, "सर, दात मोजून घ्या."

सोहम पुढे आला. "सर, उद्या आमी आधी जाळ बसू देऊ. नुसता निखाऱ्यांचा हार राह्यला की मंग रोडगे टाकू."

वश्यानं तो कोळसा अख्खा खाल्ला. मग माझ्या कानात म्हणाला, "नाना, हेच मी किती वर्षं सांगून राह्यलो. कोणाच्या ध्यानात राह्यलं नाई. याच्या राह्यलं, काहून का कोणी सांगतलंच नाई!" डोळ्यांत पाणी होतं. मी धुराला दोष दिला. माझ्याही डोळ्यांत तोच धूर.

*

शेवटच्या दिवशी स्काउटचा झेंडा. घडी घालायची, आत फुलं भरायची, गाठ मारायची, आणि खांबावर चढवून दोर ओढला की झेंडा उघडून फुलं पडली पाहिजेत. सगळं सोहमच्या टोळीवर. हे झालं की सर पथकाचं काय ते सांगणार होते.

सकाळी मी माझ्या मळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या टोळीला दिल्या. पोट्ट्यांनी त्या आत भरून झेंडा बांधून ठेवला. सोहमची गाठ पाहिली. बिचाऱ्याची जरा सैल वाटली. मायेनं थोडासा हात लावला, बस!

सगळे रांगेत. झेंडा वर गेला. सोहमनं दोर ओढला. उघडेना! पुन्हा ओढला. झेंडा वर गाठोड्यासारखा लटकून राहिला.

गोलूचा हात फाटक्या खिशातून खाली पँटीत उतरला. प्रणालीनं झोळी अशी आवळली की शिवण उसवली. सर खांबाजवळच्या खुर्चीतून अर्धे उठले, थांबले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचे हात खिशात घातले.

सोहम घाबरला, दिसत होतं. पण त्यानं कोणाकडे पाहिलं नाही. टोळीतल्या दोघांना म्हणाला, "खाली घेऊ. झेंडा मातीले टेकू देऊ नका." तिघांनी तो अलगद उतरवून घेतला. गाठ नखानं निघेना, तेव्हा चमच्याच्या दांड्यानं सोडवली. पुन्हा घडी, पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाठ. दोर ओढला.

झेंडू सरांच्या टकलावर पडला!

वश्यानं पाकळ्या झटकल्या नाहीत. गळ्यातली शिट्टी काढून प्रणालीच्या झोळीत टाकली आणि तिला नि गोलूला म्हणाला, "रविवारी मले यायले उशीर होईन. थांबू नका." टाळ्या अशा झाल्या की शेजारच्या शेतातले बैल उभे राहिले. मी मनात म्हटलं, वश्या, तुझ्या टोळीत होतो, जन्म कामाला आला.

मग जरा गंमत करावी म्हणून सोहमच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे टोळीनायका! पण पहिली गाठ इतकी घट्ट काहून मारली होती बे?"

त्यानं हातातल्या दोराकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे.

"नाना, तुमच्या पायजम्याले खिसे नाईत का?"