हजेरीच्या शेवटी तेवीस

आमच्या स्काउट पथकात एक परंपरा होती आणि ती माझ्या मूर्खपणातून जन्माला आली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पथकातल्या पोरांना ते ठाऊक नव्हतं आणि मी ते सांगायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

पथक बंगळूरच्या जे. पी. नगरमधलं, नव्वदच्या दशकातलं. मी पुण्याहून एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला आलेला इंजिनियर. शेजारच्या शाळेला रविवारी फुकट राबणारा स्काउटमास्तर हवा होता. कॉलेजात एनसीसी केली आहे, असं मी मुख्याध्यापकांना छाती फुगवून सांगितलं. परेडनंतर नाश्ता मिळत होता तोवरच मी एनसीसीत होतो, हे त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

माझ्या जोडीला शाळेच्या चित्रकलेच्या बाई होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही. त्यांचं घराणं मराठीच, पण तीनशे वर्षं बंगळुरात मुरलेलं. त्या मला अण्णा म्हणायच्या आणि काल उतरलेल्या पाहुण्यासारखं वागवायच्या.

पहिल्या हाइकला आम्ही कनकपुरा रस्त्याच्या बाजूला एका खडकाळ डोंगरावर गेलो. पोरांना मी एक ते तेवीस नंबर दिले होते. उतरायच्या आधी हजेरी लावली. पोरं ओळीने कन्नडमध्ये ओरडू लागली: ओंदु, एरडु, मूरु. इप्पत्तेरडुवर, म्हणजे बावीसवर, गाडी थांबली. तेविसावा नाही.

माझी पार गाळण उडाली. दोन वर्षांत शिकलेलं सगळं कन्नड त्या क्षणी उडून गेलं, आणि मी मराठीत ‘तेवीस, अरे तेवीस’ करत कपारी धुंडाळत सुटलो. पोरंही माझ्यामागून तशाच हाका मारू लागली. ऊन कलायला लागलं तेव्हा अक्कांनी शांतपणे विचारलं की हा तेवीस नंबरचा म्हणजे नक्की कोण. मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की त्याला ताप आहे. सकाळी त्याच्या आईचा फोन आला तेव्हा त्याला झोपवून ठेवा, असं तुम्हीच तर सांगितलंत. तो पोरगा त्या वेळी बनशंकरीतल्या आपल्या घरी गंजी, म्हणजे तांदळाची पेज, पीत पडला होता.

प्रकरण तिथंच मिटलं, असं मला वाटलं. पण पुढच्या हाइकला हजेरी संपली आणि कुणी न सांगता सगळ्या पोरांनी एका दमात ‘तेवीस’ म्हणून हाक दिली. मग ती गप्प उभी राहिली. हा हजेरीचाच भाग असतो, अशी त्यांची समजूत झाली होती. नवीन पोरं आली, जुन्यांनी त्यांना शिकवलं. एकदा तर पंचवीस जण आले होते. त्यांनी इप्पत्तैदुपर्यंत मोजलं आणि वर पुन्हा ‘तेवीस’ म्हटलं. तो आता आकडा राहिलाच नव्हता. कुणी म्हणे तो आफ्रिकेतल्या जुन्या स्काउटांचा शब्द आहे, कुणी म्हणे संस्कृत आहे. पथकात मराठी पोरं दोनच, आणि तीही आकडे इंग्रजीतून मोजणारी, त्यामुळे माझी लाज झाकलेली राहिली.

पण ती शांतता. तिच्याबद्दल सांगायला मला अजून नीट जमत नाही. प्रार्थनेच्या दोन ओळी होईस्तोवर ज्यांना सरळ उभं राहवत नसे, एकमेकांचे स्कार्फ ओढल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नसे, ती पोरं हाक दिल्यावर श्वास रोखून ऐकत. हाक समोरच्या खडकावर जाऊन आपटायची, परत यायची, आणि मग काहीच नसायचं. गवत हललेलं ऐकू यायचं. खूप खालून कुठल्यातरी शेळीच्या गळ्यातलं लोखंड वाजायचं. मी मुंडी खाली घालून बुटांकडे बघत राहायचो. देवळात कधी जे होत नाही ते मला तिथं व्हायचं, आणि मला त्याची भीती वाटायची.

कारण माझं मत उलटं होतं. रानात शिकायच्या गोष्टी खऱ्या: गाठी, नकाशा, होकायंत्र, ओल्या लाकडाचा जाळ. परंपरा म्हणजे कपड्यावरची नक्षी. ‘गाठ सुटली तर माणूस पडतो, परंपरा सुटली तर काही होत नाही,’ हे माझं वाक्य होतं आणि पालकांच्या सभेत मी ते दर वेळी वापरायचो. अशाच एका सभेत आमच्याच संस्थेतल्या एका सहकाऱ्याने, नव्या पोराच्या बापाने, विचारलं की हा तेवीस कोण, आणि तुम्ही मुलांकडून डोंगरावर त्याची पूजाबिजा करून घेता का. माझे कान तापले. मूळ गोष्ट बाहेर आली तर ऑफिसच्या कँटीनमध्ये वर्षभर पुरली असती.

मी टोळीनायकांना, म्हणजे मोठ्या पोरांना, बोलावून सांगितलं की येत्या हाइकपासून तेवीस बंद. त्यांनी जमिनीकडे बघत ‘सरी सर’, म्हणजे ठीक आहे, म्हटलं. अक्का मागे कागद कापत होत्या.

“राहू दे की अण्णा,” त्या म्हणाल्या. “तुमचं काय खातो तो तेवीस?”

मी त्यांना शास्त्रीय दृष्टिकोनावर चार वाक्यं ऐकवली. त्यांनी कात्री बाजूला ठेवून ती पुरी ऐकून घेतली आणि परत कागद कापायला लागल्या.

त्या हाइकला डोंगर दुसरा होता, जास्त मोठा. वर पोचून आम्ही पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, खाल्लं. पोरं पाय पसरून पडली, आणि मला पुढच्या वेळी त्यांना काय शिकवावं याची स्फूर्ती झाली. दोन खडकांमधल्या उभ्या फटीत एका भिंतीला पाठ आणि दुसरीला पाय लावून वर चढायचं असतं, ते मी पुस्तकात वाचलं होतं. तशी फट शोधत मी पलीकडच्या उतारावर गेलो. फट सापडली. पाठ लावली, पाय लावले. चढायचं होतं, मी उतरलो. बराच.

बूट तळाशी एका खाचेत पाचरीसारखा बसला. नाडी सोडावी तर वाकायला हवं, आणि वाकावं तर मधे माझं पोट. इतकी वर्षं मी ते पोट मोठ्या मानाने बाळगलं होतं. शिट्टी वाजवावी तर ती गळ्यात नव्हती. शिट्टी गळ्यातून काढणारा स्काउट म्हणजे चाक काढून ठेवलेली सायकल, असं मी पोरांना बजावायचो. माझी शिट्टी पुळियोगऱ्यात बुडत होती म्हणून मी ती पिशवीला अडकवली होती, आणि पिशवी वर होती.

मी ओरडलो. वारा वरून माझ्याकडे येत होता, त्यामुळे मला पोरांचा गोंधळ ऐकू येत होता, त्यांना माझं काही नाही. मी ओरडत राहिलो. आभाळाची वर दिसणारी पट्टी पिवळी व्हायला लागली होती. मग हजेरी सुरू झाली.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हजेरीत मी नव्हतो. हजेरी घेणाऱ्याचा नंबर कसा असेल? ओंदुपासून हदिनेंटुपर्यंत अठराही पोरं व्यवस्थित होती, कुणीच हरवलेलं नव्हतं. आणि हल्ली मी बरेचदा हजेरी टोळीनायकावर सोपवून पुढे उतरून जायचो, ड्रायव्हरला उठवायला म्हणून, खरं तर खालच्या टपरीवर चहा मारायला. आताही तिकडेच गेलो असेन, असं सगळ्यांना वाटणार. ती उतरणार, तासाभराने त्यांना कळणार, तोवर अंधार. डोळ्यांपुढचंही दिसेनासं झाल्यावर कोण कुठल्या फटीत मला शोधणार होतं? आणि शोधायला म्हणून अंधारात त्या उतारावर पोरं आली असती तर, हा विचार तर मी पुरा केलाच नाही.

हदिनेंटु झालं. पुढे काही नाही. माझा हुकूम होता ना.

वर काय चाललं होतं ते अक्कांनी मला नंतर सांगितलं. पोरांनी पिशव्या खांद्यावर घेतल्या होत्या. सगळ्यांत मोठा टोळीनायक चला म्हणाला आणि स्वतःच हलला नाही. कुणीच हललं नाही. काहीतरी उघडं टाकून निघाल्यासारखे सगळे घुटमळत राहिले. मग त्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्का मला म्हणाल्या, मी काय करणार, मी वळून आभाळात ढग आहे का बघत राहिले.

आणि हाक आली.

ती मी आजवर रांगेच्या पुढे उभा राहून ऐकली होती. खालून कधी ऐकली नव्हती. अठरा गळे, निम्मे फुटलेले, निम्मे कोवळे. ज्या भाषेतलं त्यांच्यातल्या बहुतेकांना एक अक्षर येत नव्हतं त्या माझ्या घरातल्या भाषेत, माझ्या आईने चिंचोके मांडून मला शिकवलेला एक आकडा, कन्नड मुलुखातल्या एका डोंगरावरून कुणाला तरी बोलवत होता. तो माझ्या डोक्यावरून गेला, समोरच्या कड्यावर आपटला आणि दोन्ही भिंतींमधून खाली माझ्यापर्यंत आला. खडकाला लावलेल्या पाठीत तो मला जाणवला.

मग ती शांतता झाली. आणि मी, ज्याने ओरडायला हवं होतं, जो मघापासून घसा फोडत होता, तो गप्प राहून ऐकू लागलो. कोण उत्तर देतंय म्हणून. खरोखर, किती वेळ ते माहीत नाही, पण उत्तर मीच द्यायचं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वर कुणाच्या तरी पिशवीचं बक्कल वाजलं तेव्हा मी भानावर आलो.

“हजर,” मी म्हणालो. फार मोठ्यानेही नाही. तरी ते वर पोचलं, कारण त्या क्षणी वाराही पडला होता आणि अठरा पोरं फक्त कान झाली होती.

वर काहीच हललं नाही. इतक्या वर्षांत कधी कुणी ओ दिली नव्हती. मग एक लहानगा रडायला लागला. मग अक्कांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच बारीक.

“अण्णा, तुम्ही काय?”

“मीच.”

“कुठे आहात?”

“फटीत.”

“स्वल्प तसेच राहा,” त्या म्हणाल्या. जणू मी कुठे जाणार होतो.

पुढचं सगळं पोरांनी केलं. एकाने कमरेला दोर बांधला, दुसऱ्याने ती गाठ तपासली, तिसऱ्याने दोर झाडाला फिरवला. कुणी एक शब्द जास्त बोललं नाही. माझ्याजवळ उतरलेल्या पोराची गाठ मी सवयीने बोटांनी चाचपून बघितली. मी बांधतो त्याहून ती चांगली होती. त्याने माझी नाडी कापली, मला मोज्यावर बाहेर काढलं, आणि सगळ्यांनी मिळून मला वर ओढलं. तो बूट अजून तिथंच असेल. उजेड होता तोवर आम्ही पायथ्याला पोचलो. मी मधे, लंगडत, दोन्ही बाजूंना पोरं.

पुढच्या रविवारी मी हुकूम मागे घ्यायला शाळेत गेलो, तर टोळीनायकांची सभा माझ्याशिवायच संपत आली होती. अक्कांनी सुचवलं होतं की सरांनाच तेवीस करा, म्हणजे प्रश्न मिटला. पोरांनी ते साफ नाकारलं. तेवीस सर नाहीत, मोठा टोळीनायक मला समजावून सांगू लागला; सर त्या दिवशी फक्त तिथे होते. तेवीस रिकामाच ठेवायचा. पण सरांना मोजायला तर हवं, म्हणून सरांचा नंबर सगळ्यांच्या आधी. ओंदुच्याही आधी.

“म्हणजे किती?” मी विचारलं.

“सोन्ने, सर,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. सोन्ने म्हणजे शून्य. अक्का घाईघाईने फळा पुसायला वळल्या.

त्यानंतरच्या हाइकला, उतरायच्या आधी, मी रांगेच्या टोकाला उभा राहिलो आणि सोन्ने म्हणालो. माझ्या शेजारचा ओंदु म्हणाला. नंबर पुढे सरकत गेले, संपले. मग हाक गेली, या वेळी माझ्यासकट. आम्ही ऐकत उभे राहिलो. एक घार वरून गेली. आता पोरं पहिल्यापेक्षा जास्त वेळ थांबत होती, आणि निघू या असं मीही म्हणालो नाही.