मधुराचा नो-हिटर

ट्रॉयमधल्या आमच्या मराठी मंडळाची रविवारची बेसबॉल टीम आहे. तिचा स्कोअर मी लिहितो. मॅच आम्ही क्वचित जिंकतो, पण किस्से इतके साचलेत की स्कोअरबुकचा समास पुरत नाही. त्यातले बरेचसे बॉल टाकणाऱ्या आमच्या पिचर मधुराचे. समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट, म्हणजे बॉल मारून बेस गाठायची संधी, मिळू दिली नाही, की पिचरच्या नावावर नो-हिटर लागतो. तिला तीन वर्षं तेवढंच हवं होतं.

*

पहिल्या वर्षी पाच इनिंग्ज झाल्या, हिट एकही नाही, आणि पाऊस आला. मॅच तिथेच संपवली. नागपूरचा प्रसाद तेवढ्यात 'नो-हिटर' लिहिलेला केक घेऊन आला. मी म्हटलं, "नऊ इनिंग्ज पूर्ण व्हाव्या लागतात. हा धरत नाहीत."

"मग आधी नाव खाऊन टाकू यार," प्रसाद म्हणाला.

*

नो-हिटर होत आला की त्याचं नाव काढायचं नाही, असा इथला रिवाज. आपल्याकडे दृष्ट लागते तसंच. एका मॅचला प्रेक्षकांतल्या जोगळेकर काकांनी सातव्या इनिंगला खणखणीत आवाजात विचारलं, "काय गं मधुरा, अजून एकही हिट नाही ना?"

पुढचाच बॉल कुंपणापर्यंत गेला. तेव्हापासून सहावी इनिंग संपली की काकांना गाडीत बसवतात. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हा नियम घरी लागू होतो का हो?"

*

एकदा हिट न देताही हरलो. वॉक दिले, म्हणजे चार भलतीकडच्या बॉलवर फुकटचा बेस; वर फील्डिंगमधली एक चूक, आणि त्यांचा एक रन झाला. आमचा शून्य. ते पुढेच असल्यामुळे नववी इनिंग खेळलेच नाहीत, म्हणजे मधुराच्या आठच भरल्या. तोही नो-हिटर धरला नाही.

प्रसादच्या मुलीने शांतपणे विचारलं, "सो यू लॉस्ट ट्वाइस?"

*

मधुराचा नवरा शिरीष शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो. तो कधीच चुकत नाही. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर जाताना भलतीच एक्झिट घेतली, तेव्हा म्हणाला, "बोर्ड उशिरा लावलाय." फील्डरच्या चुकीला एरर म्हणतात आणि ती हिट धरत नाहीत. पण शिरीषच्या हातून बॉल सुटला की ठरलेलं, "बॉल खड्ड्याला लागून उडाला, अविदादा. हिट लिही."

*

मधुराची इथली शेवटची मॅच. पुढच्या आठवड्यात दोघं कायमची फ्रीमाँटला जाणार होती. नववी इनिंग, एक आउट बाकी, हिट शून्य. काका गाडीत.

बॉल सरळ शिरीषकडे गेला आणि ग्लोव्हला चुकवून मागे निघून गेला. मला वाटलं, खड्ड्याला लागून उडाला. तसं असेल तर हिट, आणि तीन वर्षं पाण्यात. ठरवायचं मला होतं. तेवढ्यात शिरीष माझ्यापाशी आला.

"अविदादा, एरर लिही. माझी चूक."

"अरे, पण बॉल उडाला ना?"

"नाही. सरळ आला होता."

मी एरर लिहिली. पुढचा बॅटर तीन बॉलमध्ये आउट झाला. सगळे मैदानात धावले, काका गाडीतून हॉर्न वाजवत सुटले. मधुरा मात्र आधी माझ्याकडे आली.

"दादा, हे पान मला दे. फ्रेम करायचंय."

"नो-हिटरचं ना?"

तिने शिरीषच्या नावापुढच्या एररवर बोट ठेवलं.

"अरे हो, नो-हिटरही याच पानावर आहे," ती म्हणाली.