डावीकडे न वळणारा बुलडोझर

पक्षाघातातून सावरलेला ऑपरेटर बऱ्याच महिन्यांनी आपल्या जुन्या बुलडोझरवर बसला. पण डावा लिव्हर कितीही ओढला तरी गाडी डावीकडे वळेना. "डाव्या हातात जोरच उरला नाही," म्हणत तो खाली उतरला आणि पुन्हा गाडीकडे फिरकेना.

बायकोने आपल्या मिस्त्री भावाला बोलावून घेतलं. त्याने दोन्ही हातांनी लिव्हर ओढला, तरी धूड आपलं सरळच! मागचं झाकण उघडलं, तर इतके महिने गाडी उभी राहून डावीकडे वळवणाऱ्या क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटलेल्या.

"भाऊजी, हाताला कशाला बोल लावता? दुखणं गाडीचं आहे!"

ऑपरेटरला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

प्लेटा साफ करून बसवल्या. गाडी झोकात डावीकडे वळली, तशी बायको ओरडली, "अहो, कुंपण सांभाळा!"